न्हाणीजवळचा गुलाब

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात सहीपलीकडे अजून कोणी काही लिहिलेलं नाही, आणि मी तर दुसऱ्याचं आयुष्य लिहायला बसलो, म्हणून आधीच माफी मागतो. महादेवआबाजी आमचे शेजारी. दर्यापूरला स्टँडजवळ हार विकतात. ते बोलले तसंच ठेवलं आहे. चूक असेल तर ऐकणाऱ्याची समजावी.

आमी मूळचे धरणात गेलेल्या गावचे. घर मातीचं, अन् न्हाणीच्या सांडपाण्यावर मायनं लावलेला गावरानी गुलाब. फिक्का गुलाबी बाप्पा, एक फूल उशाशी ठेवलं तं खोलीभर वास. आता मी विकतो थो पेटीतून येते, दिसाले लालभडक, अन् वास म्हनशील तं पुठ्ठ्याचा.

माय गेली त्या साली लहान बहीण सुमन आली होती, चांदूर रेल्वेकडे देल्ली तिले. म्हने दादा, मले मायच्या गुलाबाची काडी दे. आता काय सांगू तुले पोरा, आमच्याकडे मागून नेलेली काडी लागत नाई, चोरून नेली तं लागते, हे तिलेबी मायनंच शिकवलं होतं. म्हनून मी म्हनलं नाई देत, अन् मुद्दाम पाठ फिरवून बसलो. म्हनलं आता तोडंल, मंग तोडंल. बसलो बसलो, अन् मांगं पायलं तं पोरगी पिशवी घेऊन चालली गेलेली. सासरी सांगतलं, भावानं मायच्या झाडाची काडीबी नाई देल्ली. मीबी आडमुठा, म्हनलं येवढं समजत नाई तं राहू दे. बायको म्हने, अहो जाऊन सांगा नं एकडाव, तोंड झिजते का तुमचं? नाई गेलो. वीस वर्सं नाई गेलो.

मंग गाव उठलं, इकडे आलो. धरणाची भित आता पुरी झाली, यंदा पयल्यांदा पानी अडवनार म्हनून आयकलं, तं पौषात गेलो पाहाले. भिती पडलेल्या, चौकटी लोकाईनं नेलेल्या, जिकडे तिकडे बाभया. घर कोनतं हेच समजेना. वास आला तवा समजलं. काट्याईत घुसलो, तं फुलावर होता, कोनी पानी नाई घातलं तरी. माह्याच घरची काडी मी चोरासारखी इकडेतिकडे पाहून तोडली, सुमनसाठी.

तेलाच्या डब्यात लावली. माघात कोंब फुटले. बायको म्हने आता जा. मी म्हनलं जरा पक्की होऊ दे, हातात मेलेली काडी घेऊन कोन्या तोंडानं जाऊ?

परवा लग्नाच्या हारासाठी एक बाई आली दुकानावर, चांदूर रेल्वेकडची. मी म्हनलं, बाई, तुमच्या गावात सुमन हाये, तिले सांगजा, दादा भेटाले येऊन रायला.

म्हने, सुमनबाई? अवो, त्या तं शिवरात्रीच्या आधीच गेल्या, तेरवीबी झाली.

अन् मले इचारते, तुमी कोन लागता त्याईचे?