देठाकडचा वास

...नाही गं, धुऊन नको ठेवूस. धुवायची ती खायच्या वेळी. ओल राहिली की संपलंच — आणि आधी या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढ बघू त्या संत्र्यांना, घामेजून गेलीत बिचारी. अशी सुटी सुटी मांडायची, एकावर एक रचायची नाहीत. बाहेर आठवडाभर राहतात, फ्रीजमध्ये तीन आठवडेही निघतात, पण रोज एकदा हात फिरवायचा. हे बघ, हलकं लागतंय ना? आतून सुकलंय. आणि हे — इथे अंगठा दाब — रुततोय? मग आजच संपव. पांढरा ठिपका दिसला तर मात्र तेवढं कापून उरलेलं खाऊ, असलं काही करायचं नाही. अख्खं टाकायचं, आणि त्याला चिकटून बसलेली दोन्ही तपासायची.

मला कसं ठाऊक? अगं, बावीस वर्षं फळांच्या गोदामात निवडायच्या टेबलावर होते मी. संत्री, मोसंबी, लिंबं. सगळ्यात वाईट कुठलं, सांगू? जे वरून चकचकीत आणि आतून काळं. ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. देठाकडे नाक न्यायचं — आंबूस वास येतो, दारूसारखा. माझं नाक म्हणजे — मुकादम नव्या बायकांना माझ्याकडे पाठवायचा शिकायला. मग एकदा ताप आला, आठ दिवसांचा, साधाच. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. कॉफीचा नाही, रॉकेलचा नाही, कशाचाच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी कुणाला बोलले नाही. काय बोलणार? नाक गेलेल्या बाईला तिथे कोण ठेवणार होतं? देठाकडे नाक न्यायचे, हुंगल्यासारखं करायचे आणि फळ पुढे सरकवायचे. चार महिने. आणि गंमत म्हणजे एकही पेटी परत आली नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी हातालाच कळायला लागलं असेल.

माझ्याच टेबलावर, माझ्या पुढे ठेंगणी बसायची — आम्ही तिला ठेंगणीच म्हणायचो, तीही ओ द्यायची. मी सरकवलेली फळं ती पेटीत भरायची, शेवटची नजर तिची. एके दिवशी मुलांच्या हॉस्पिटलातून सहा पेट्या परत आल्या. फळं आतून काळी. पेटीवर टेबलाचा नंबर असतो, माणसाचा नसतो. मुकादमाने विचारलं, दोघींपैकी चूक कुणाची? मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. तिने माझ्याकडे पाहिलं — बराच वेळ पाहिलं — आणि मग म्हणाली, "मला सर्दी होती त्या दिवशी. माझ्याच हातून सुटली असतील." तिला लगेच काढून टाकलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवणारी ती एकटी — हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

पुढच्या आठवड्यात तीन वेळा माल परत आला. तेव्हा कळलं मला. माझ्याकडून गेलेलं एकेक फळ ती पुन्हा हुंगत होती. चार महिने, एका शब्दाने न बोलता. सर्दी झाली तेवढ्याच दिवसापुरती ती चुकली.

मलाही काढलं मग. मी तिच्या घरी गेले, सगळं सांगायला. तिने दार अर्धवट उघडलं, म्हणाली, "मला माहीत होतं. तू बोलशील म्हणून थांबले होते." आणि दार लावून घेतलं. सहा वर्षं झाली. दोन गल्ल्या पलीकडेच तर राहते.

काय गं, नाक का मुरडतेयस? मघापासून बघतेय मी. खिडकीतल्या टोपलीतून वास येतोय? छे, ती संत्री ताजी आहेत — म्हणजे, आणून झाले असतील दहा-बारा दिवस. एकेक पारखून आणलीत. ठेंगणीकडे न्यायची होती. रोज चपला घालते, दारापर्यंत जाते, परत येते. वरून बघ ना, डाग नाही कुठे, दाबून बघ, घट्ट आहेत. देठाकडे हुंगून बघ बरं एक... हं. आणि हे?... हेही?

राहू दे. बाकीची नको बघूस. ठेव ते खाली. तुझी संत्री घे आणि जा तू आता.