पंपाचं बटण

तुम्ही मासे पकडण्याला पिकनिक म्हणता ना, मग आमच्या कॉलेजची बास नावाच्या माशांची टूर्नामेंट तुम्ही बघितलेली नाही. पहाटे चारला उठायचं, आठ तास वाऱ्यात उभं राहून गळ फेकायचा आणि मिळालेले मासे बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे. मासा मेला की मार्क कापतात, कारण वजन झाल्यावर सगळे परत तळ्यात सोडायचे असतात.

त्या दिवशी मी आणि माझा पार्टनर एरिक मर मर मरून पाच बास घेऊन धक्क्यावर आलो. फायनल जवळजवळ पक्की होती. बाबा घरून, एडिसनहून, गाडीमागे बोट ओढत ड्राइव्ह करून आले होते. त्यांना म्हटलं, "बाबा, जरा बोटीत बसा, आम्ही वजनाच्या रांगेत नंबर लावून येतो."

अर्ध्या तासाने आलो, तर पाचही मासे पोट वर करून तरंगत होते.

"बाबा, टाकीतला हवेचा पंप कुणी बंद केला?"

"मी. तुम्ही दोघं इथे नव्हतात, आणि तो उगाच चालू होता."

भांडायचंही त्राण नव्हतं, यार. एवढंच म्हणालो, "यापुढे मला विचारल्याशिवाय कुठलंही बटण बंद करू नका." घरी आलो आणि तसाच आडवा झालो.

सकाळी गाडी स्टार्ट होईना. आतला दिवा रात्रभर चालू राहिला होता.

"मला दिसला होता रे," बाबा हळूच म्हणाले, "पण तू झोपला होतास. विचारणार कुणाला?"