सरकारी शिंदी

माझं माहेर उमरीकडलं, दिल्या घरी आले ती कंधारच्या अंगाला, आन काय सांगू तुम्हाला, आमच्या वावरात वढ्याच्या कडंला शिंदीची झाडं व्हती पर ती आमची न्हवती, आबकारीची, म्हंजी सरकारच्या दारूखात्याची व्हती. निजामाचं राज. झाडावर सरकारी नंबर, नशेचा रस काढायचा त्यो सरकारचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं आन इकायचाबी त्यानंच, आमच्याच येशीपाशी दुकान टाकून. माझा दीर तिथं बसू लागला. जाऊ मार खाऊ लागली.

मामंजी कंधारला गेले, आबकारीच्या सायेबाला म्हनले दुकान उठवा. सायेबानं खुर्ची दिली, नीट समजावलं, म्हनला पाटील, सरकारनं हातात न्हाई ठिवली तर घरोघर भट्ट्या लागतील, कुनी कायबी मिसळल, मानसं आंधळी व्हऊन मरतील, म्हनून येकच दुकान, ठरल्या वक्ताला, सरकारच्या नजरंखाली. मामंजी घरी येऊन म्हनले, बोलनं वाजवी हाय. वाजवी व्हतंच हो. पर गुत्ता घेतलेल्याला जितकी खपंल तितकी हवीच, आन सरकारचीबी बरकत त्यातच, मंग नजर ठिवायची कुनी? खळं लागलं की गुत्तेदाराचा मानूस घागर घिऊन वावरात यायचा. दीर कामावरच पिऊन पडायचा. त्या उन्हाळ्यात भर दुपारी वढ्यात पडला, उठलाच न्हाई.

तेरावं झालं आन जाऊ कुऱ्हाड घिऊन गेली. शिंदीची झाडं तोडत सुटली. आमी कुनी आडवलं न्हाई. आबकारीचे जवान आले, कुनी तोडली म्हनले. जाऊ म्हनली म्या. जमादार हसला, म्हनला हे बाईमानसाचं काम न्हाई. तवर माझे मालक म्होरं झाले, म्हनले माझं वावर, म्याच तोडली. नेलं त्यान्ला नांदेडच्या जेलात. राज बुडालं तवा सुटले, पर खोकला घिऊन आले. पुढचा पोळा दिसला न्हाई त्यान्ला.

निजाम गेला, दुकान न्हाई गेलं. आता स्टँडपाशी हाय, परवान्याचं. नातू मास्तर हाय माझा, त्योबी सांगतो, आजी, सरकारचा ताबा पायजे, न्हाईतर लोक इखारी पितील. म्या हाव म्हनते.

येका चुलीवर आमी दोघी कुंकू पुसलेल्या बाया जलमभर ऱ्हायलो. ती भाकरी थापायला बसली की तिच्या हाताकडं बघून मला ती कुऱ्हाड आठवायची, जेलात गेलेले मालक आठवायचे. तिला कळायचं. येकदा म्हनली, बाई, बोल की काय बोलायचं ते. म्या म्हनलं, पीठ सरलं, दळन काढ. औंदा ती गेली. म्याच न्हाऊ घातलं तिला, हातबी म्याच धुतले, लई येळ धुतले. बोलायचं ते ऱ्हाऊनच गेलं. जाऊ द्या. तुमच्या घरात पिनारं कुनी न निपजो, येवढंच मागते.