वाशांवरून घेतलेलं नाव

हॅलो?… कोण, वीब्के? अगं, तू आत्ता त्या नव्या घराच्या छपरावर हवीस ना?… चढलीस? आणि वाशांवर उभं राहून आईला फोन करतेस?… हो, पाय बरा आहे. प्लास्टर घालून जाणार कुठे मी? खिडकीशी कॉफी घेत बसलेय. बोल.

घाबरलीस? तू?… वासे चढले की सुताराने वरून म्हणायची ती कविता पाठ आहे ना?… मग?… हं, शेवटचं कडवं. ‘ज्यांनी कसब शिकवलं, त्या माझ्या मिस्त्रींचे आभार.’ बरोबर आहे की. तुझे बाबा प्रत्येक छपरावरून हेच म्हणायचे.

काय म्हणणार?… ‘माझ्या मिस्त्रीणबाईंचे’?… नको गं. अगं ऐक ना… आपल्या गावात मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको. कामगारांना बटाट्याचं सार वाढणारी. खाली सगळे हसतील, तो म्हातारा सुतार हार्म तर सगळ्यात आधी.

हो, वाढलं सार… हो, हो, बाबा गेल्यावर करवतही मीच धरली. तुला रंधा मारायला मीच शिकवलं, कबूल. पण मिस्त्रीच्या परीक्षेला कुठे बसू दिलं मला? तेव्हा बायकांना बांधकामावर बंदीच होती. माझ्याकडे कागद नाही, वीब्के. तुझ्याकडे आहे. तू म्हणव स्वतःला मिस्त्रीण, ताठ मानेने म्हणव.

नाही, रुसले नाही… भीती वाटते गं. आजवर ज्याने मला तसं म्हटलं, त्याने हसूनच म्हटलं. ‘मिस्त्रीण आली, हातोडे लपवा.’ तुझ्या तोंडून ते ऐकून लोक हसले, तर मला नाही सोसवायचं.

बरं, बोलावतायत तुला. जा. कविता झाली की पेला पिऊन खाली जोरात टाक, फुटला नाही तर घराला चांगलं नसतं म्हणतात… फोन चालूच? खिशात?… बरं.

वाराच ऐकू येतोय… हं, आता आलं… हळू म्हण, घाई नको… आता शेवटचं…

म्हणालीस.

कुणीच कसं हसत नाही?… पेला टाक की, बाळा, थांबलीस का…

फुटला. ऐकला मी.

हॅलो?… हो, आहे. हो, रडतेय… काय? हार्मने टोपी काढली? खरंच?… असू दे, असू दे. आता जपून उतर. आणि येताना काळ्या रंगाचा छोटा डबा आण… अगं, आपल्या दारावरच्या पाटीला. बाबांच्या नावाखाली जागा आहे अजून… हो, माझंच. ठेवते.