रुमालाखालचा कोरडा हात

चहा घ्या, पण त्या डॉक्टरचं कौतुक माझ्यासमोर नको. आमचा धाकटा भाऊ सदू बैलबाजारातला दलाल. रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचा, पण हाताला इतका घाम की शेतकरी हात झटकायचे. दुसरं महायुद्ध संपलं त्या साली मुंबईच्या डॉक्टरनं त्याच्या छातीतल्या, हाताला घाम आणणाऱ्या नसा कापल्या. हात कोरडेठाक झाले. पुढं गुरांमागं घाट चढताना सदू मटकन बसला. "दादा, काळीज जोर धरत नाय रं. आता धंदा कसा करू?"

त्याला घेऊन मी तडक डॉक्टरकडे गेलो. नाडी बघून म्हणतो, "हृदयाला वेग देणाऱ्या नसाही तिथूनच जातात. होतं असं."

"आधी ठाऊक होतं?"

"तुम्ही घामाचंच विचारलंत."

"साहेब, आमच्याकडं बैल विकणारासुद्धा आधी खोड सांगतो, मग रुमाल टाकतो!"