आज घरचे नाही आले

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. लेकरू भर रस्त्यात पडलं, तर आई-बापानं आधी काय बघावं? लागलं किती — की बघितलं कुणी?

हसू नका! उत्तर तुमच्या तोंडात तयार आहे, ठाऊक आहे मला. जरा दम धरा.

दिनकरराव माळवदे. बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. मोठा अब्रूदार माणूस! एकुलती एक लेक, केतकी. सोळा वर्षांची. या पोरीला नाद लागला — कशाचा? खोकल्याच्या औषधाचा! खोकला नसताना! तुम्ही म्हणाल, बुवा, औषधाचं कुठं व्यसन असतं? असतं, बाबांनो! गादीखाली बाटल्या, शाळा बंद, एकदा तर आईवर हात उगारला. शेवटी डॉक्टर म्हणाले, हे घरी जमणार नाही. लांबच्या गावी मुलींचं उपचार केंद्र होतं, तिथं ठेवली.

आणि गावात काय सांगितलं? "केतकी पुण्याला असते, क्लासला!" कसला क्लास? "मोठा क्लास!"

भेटीचा दिवस आला. आई शैलाताई डॉक्टरांशी बोलायला आत गेल्या. दिनकरराव अंगणात थांबले. तोच फाटकातून कोण यावं? गावचे तात्या भिंगारे! आपल्या वाढदिवसाची केळी तिथल्या मुलींना वाटायला आलेले.

"अरे दिनकर! तू इथं कसा?"

"मी? मी पण... फळं द्यायलाच आलोय, तात्या!"

हातात फळ? एक नाही!

तेवढ्यात केतकी धावत आली. केस कापलेले, गालफडं बसलेली. बापाचं वाक्य तिच्या कानावर पडलं — आणि पाय जागीच थांबले. तात्यांनी तिला ओळखलंच नाही. मायेनं केळं पुढं केलं. "घे बाळ. घरचे येतात का गं भेटायला?"

पोरीनं बापाकडं बघितलं. बोल, दिनकर! अजून वेळ गेलेली नाही! दिनकरराव आपल्या चपलांकडं बघत राहिले.

"येतात ना, आजोबा," केतकी म्हणाली. "आज नाही आले."

...मृदंगवाले, हात थांबवा जरा.

ती आत गेली. आईला म्हणाली, "पप्पांना सांग, घाबरू नका. मी ओळख दिली नाही."

अहो, ती ओरडली असती, तर बापाला सोसलं असतं! तिनं त्याची लाज झाकली हो!

एसटीत शैलाताईंनी लेकीचा निरोप नवऱ्याला जसाच्या तसा सांगितला. दुसऱ्या दिवशी दिनकरराव तात्यांच्या ओट्यावर गेले. माणसं चहा पीत बसलेली. उभ्या उभ्याच म्हणाले, "तात्या, काल तुम्ही जिला केळं दिलंत, ती माझी केतकी. व्यसनापायी तिथं आहे. आणि मी तिच्या तोंडावर तिला परकी केली."

कप हातातच राहिले. तात्या म्हणाले, "अरे, मग मला खरं सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात, तात्या?"

तात्यांनी हातातला कप खाली ठेवला!

पुढच्या भेटीला केतकी बाहेर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दिनकरराव बाकावर बसायचे आणि परत यायचे. मग एकदा जेवणाच्या वेळी ती ताट घेऊन आली. बाकावर बसली — पार दुसऱ्या टोकाला! खाली मान घालून जेवली. मग म्हणाली, "इथं वरणात मीठच नसतं."

"लोणचं आणू का, पुढच्या वेळी?"

"आणा."

एवढंच! माफ केलं, असं नाही म्हणाली. पण लोणच्यासाठी का होईना, ये म्हणाली! दिनकरराव तोंड फिरवून रडले.

बाप चुकला, म्हणता? चुकलाच! पण तो घाबरला कुणाला? वाघाला? पोलिसाला? केळी वाटणाऱ्या एका भल्या म्हाताऱ्याला! म्हणजे कुणाला? मांडवाबाहेर बघू नका — शेजारी बघा!

ती पोरगी बरी होऊन येईल. बाप तिला या देवळात घेऊन येईल. तेव्हा एक तरी बाई पदराआड कुजबुजेल का? एक तरी मान वळेल का? नाही ना? छातीवर हात ठेवून सांगा — मगच मी नामाचा गजर धरतो!

...अहो, छातीवर हात का जात नाही कुणाचा?