वाळतील तसे

सासू : ...आणि तेही मला न विचारता. माझ्या कपाटातून, माझ्या कपड्यांखालून केस वाळवायचं मशीन उचललं आणि कुठं दडवलं ते सांगायला तयार नाही. तोंडावर "हो आई, हो आई" आणि करायचं स्वतःच्या मनातलं. ही तुझी गुणाची वहिनी.

लेक : डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? डोक्याला गरम हवा लावायची नाही. कातडी अजून नाजूक आहे तुझी.

सासू : डॉक्टरीणबाईंना आज संध्याकाळी लाँड्रीच्या गल्ल्यावर बसायचं नाहीये. मला बसायचंय.

लेक : मग रुमाल बांधून जा. दादाही तेच म्हणाला.

सासू : दादा म्हणेल. त्याला काय, मी गोणपाट बांधून गेले तरी चालेल. रुमाल बांधून गेले की समोरच्या दुकानातली पडदेवाली आधी रुमालाकडे बघणार, मग माझ्याकडे, आणि मग मान वाकडी करून विचारणार, "आता बरंय ना?" वर्षभर तिनं गिऱ्हाइकांना सांगितलंय, म्हातारी काही उठत नाही, लाँड्री बंद होणार. मी त्या खुर्चीवरून जशी उठले ना, तशीच जाऊन बसणार. मधोमध भांग आणि दोन्ही बाजूंना केस कसे, आत्ता इस्त्रीखालून काढल्यासारखे. लोकं पावती विसरून यायची, मला नाही विसरायची.

लेक : हे कुरळे मला तर आवडतात बाई. गोड दिसतेस.

सासू : गोड दिसायला मी काय बाळ आहे? हे माझे नाहीतच. त्या कॅन्सरच्या औषधांनी माझे नेले आणि परत देताना गठ्ठा बदलला. माझ्या दुकानात असं झालं असतं तर गिऱ्हाइकानं गळा धरला असता. इथं मी कुणाचा गळा धरू?

लेक : थांब, मान वळव. टोकांना हे काय झालंय? दात उमटल्यासारखं?

सासू : काही नाही झालेलं.

सून : चिमटे लावले होते, ताई. दोरीवरचे, कपड्यांचे. काल न्हाऊन झाल्यावर एकेका बटेला एकेक, वजन म्हणून. मी औषध घेऊन गेले तर आई खिडकीत बसलेल्या, डोक्याभोवती सगळे चिमटे लोंबतायत.

सासू : आलात? ऐकत होतात दारामागून?

सून : तुमचा आवाज ऐकायला दारामागे उभं राहावं लागत नाही, आई.

लेक : वहिनी, हसवू नकोस. ती खरंच चिडलीय.

सासू : हसा. ओल्या चादरीला कडेला चिमटे लावले की ती ताणली जाते, सरळ वाळते. आयुष्यभर तेच केलं. केसांना म्हणे चालत नाही. मशीन कुठंय?

सून : माझ्याकडे आहे. देणार नाही.

सासू : ऐकलंस? तोंडावर सांगते.

सून : पण संध्याकाळपर्यंत तुमचे केस सरळ करून देते. मशीन नको, गरम काही नको. नुसत्या पंख्यावर वाळतील. एकच अट आहे. मी सांगेन तोवर जागचं हलायचं नाही आणि डोक्याला हात लावायचा नाही.

लेक : हिला हात लावू नको म्हणणं म्हणजे...

सासू : तू गप गं. आणि नाही झाले तर?

सून : तर मशीन तुमचं. मी स्वतः आणून देईन.

सासू : बस तर मग. कुठं बसू?

(न्हाणीघरातून आलेली सासू पंख्यासमोरच्या स्टुलावर. खांद्यावर जुना सुती सदरा.)

सासू : अगं, चोळ ना जरा. पाणी गळतंय मानेवर.

सून : चोळायचं नाही. चोळलं की फुगतात. ह्या सदऱ्यानं नुसतं टिपायचं, असं. पंच्याचे धागे खरखरीत असतात, ते केसांना विस्कटतात.

सासू : लोकरीच्या कपड्याला करतो तसं.

सून : अगदी तसंच. पिळायचं नाही, दाबायचं. आता जाड दातांचा कंगवा. ओले आहेत तोवरच जे काय करायचं ते. वाळायला लागले की ते आपलं ऐकत नाहीत.

लेक : आईसारखे.

सासू : आज हिला फार बोलायचंय. जा, तुझ्या घरी जा.

लेक : आता तर मी मुळीच जात नाही.

सून : मान सरळ. आता हे सगळे केस डोक्यालाच गोल गुंडाळायचे, चापून, एकाच दिशेनं. डोकं म्हणजेच आपलं इस्त्रीचं टेबल. अशा पिना. वरून हे पातळ फडकं. निम्मे वाळले की सोडायचे, विंचरायचे आणि उलट्या दिशेनं गुंडाळायचे. नाहीतर सगळे एकीकडे झुकतात.

सासू : खेचतंय.

सून : खेचायलाच हवं. सोसवत नसेल तर सोडते.

सासू : सोडू नकोस. मी कुठं म्हटलं सोड म्हणून? खेच. मी त्या सुयांना हूं केलं नाही, तुझ्या पिनांना करू?

लेक : किती सफाईनं लावतेस गं वहिनी. हाताकडे बघतसुद्धा नाहीस.

सासू : मीही तेच बघतेय मघापासून. हात असा चालतोय जसा काही रोजचा. कुणी शिकवलं तुला हे? तुझे तर जन्माचे सरळ.

सून : मान सरळ ठेवा, आई.

सासू : विचारतेय मी.

लेक : सांग ना, वहिनी. किती दिवस?

सासू : काय सांग? हिला काय माहितीय जे मला माहीत नाही?

सून : माझे सरळ नाहीत, आई.

सासू : हे काय मग? माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

सून : हे गुंडाळलेले आहेत. दर रविवारी. न्हायचं, गुंडाळायचं आणि वरच्या खोलीत वाळेपर्यंत बसायचं. पावसापाण्यात परत वळायला लागले की सगळे वर अंबाड्यात दाबायचे.

सासू : म्हणजे ते दर रविवारी डोकं दुखतंय म्हणून वर जाऊन बसणं...

सून : डोकं कधी दुखलंच नाही माझं.

सासू : रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि ही वर फडकं बांधून बसते, म्हणून मी गावभर सांगितलं, सून कामचुकार आहे. आणि तू ते सांगू दिलंस?

सून : कामचुकार म्हणवून घेणं परवडलं. ह्यांनी मला पहिल्यांदा घरी आणलं त्या दिवशी मी मुद्दाम केस बसवून आले होते. तुम्ही दुकानातून उठून आलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "बरी आहे. कुरळ्या केसांची बाई आणि सुरकुतलेला शर्ट, दोन्ही माझ्या दुकानात चालत नाहीत." आणि हसलात. सगळेच हसले. मीही हसले.

सासू : मी असं म्हटलं?

लेक : तू ते अजूनही म्हणतेस, आई. परवा त्या शिंपिणीला म्हणालीस.

सासू : तुला माहीत होतं?

लेक : पहिल्याच वर्षी. न विचारता वर गेले तर ही पिना तोंडात धरून बसलेली.

सासू : आणि माझा लेक?

सून : त्यांना माहीत आहे. तेच म्हणाले, राहू दे, आईशी कोण वाद घालणार.

सासू : म्हणजे अख्ख्या घराला माहीत, एक मी सोडून. आणि नातीचे कुरळे बघून मी इतकी वर्षं ह्यांच्या आत्याच्या नावानं बोटं मोडतेय.

लेक : ती आत्या तर जवळजवळ टकली होती.

सासू : दोन बटा होत्या. त्या कुरळ्या होत्या. ...हसू नका. मला हलायचं नाहीये. कितपत वाळलेत?

सून : निम्मे. आता उलट गुंडाळते. मान खाली.

सासू : आज का सांगितलंस? इतकी वर्षं गप्प बसलीस, अजून बसली असतीस. मी काही आपणहून ओळखलं नसतं.

सून : गेल्या रविवारी पोरीलाही न्हाऊ घातलं आणि तिचेही गुंडाळले. सोमवारी शाळेत फोटो आहे म्हणून हट्ट धरून बसली होती. वरच्या खोलीत आम्ही दोघी बसलो होतो. तिनं विचारलं, "आई, आपण दोघी कुणापासून लपलोय?" मला तिला काही सांगता येईना.

लेक : वहिनी...

सून : तुम्ही आजारी होतात तेव्हा नाही बोलले. आज तुम्ही उठून दुकानात चाललायत. म्हणून सांगितलं. रागवायचं असेल तर रागवा, पण डोकं हलवू नका. ही बट निसटेल.

सासू : पिना लाव.

लेक : आई, काहीतरी बोल.

सासू : केस वाळतायत माझे. वाळेपर्यंत हलायचं नाही असं ठरलंय.

लेक : तोंडाला कुणी बंदी केलीय?

सासू : मी केलीय. पंखा जरा माझ्याकडे वळव. ...आणि तुझ्या दादाला सांग, खुर्ची पुसून ठेव. तिच्यावर गठ्ठे रचले असतील तर आधी उचल म्हणावं.

सून : झाले, आई. सोडते. मधोमध भांग ना?

सासू : मधोमध.

लेक : अगंबाई. आई, बघ तरी. तूच आहेस.

सासू : आरसा दे. ...हं. टोकाला थोडे वळलेत.

सून : ते चिमट्यांचं आहे. पुढच्या वेळी जाईल.

सासू : भांग मात्र सुईसारखा सरळ आहे. मशीन तुझ्याकडेच राहू दे. आता पडदेवालीला म्हणावं, ये बघायला.

लेक : मग हिला काय सांगतेस? की तशीच उठून जाणार?

सासू : जाणारच आहे. पण उभी राहून बोलते, बसून माझं बोलणं नीट निघत नाही. इकडे ये गं. डोळे पूस आधी, मी काही तुला रागवत नाहीये. माफीबिफी मागायची मला सवय नाही, ती माझ्याकडून धरू नकोस. मला ह्या डोक्यावर माझेच केस हवे होते. त्यासाठी मी चिमटे लावून घेतले, तुझ्याकडून डोकं खेचून घेतलं, दगडासारखी बसले. का, तर माझे ते माझे. आणि तुझे तुझ्या डोक्यावर असून तू फडक्याखाली ठेवलेस, माझ्या एका वाक्यापायी. असलं कुठं असतं? उद्या रविवार आहे. न्हा, पोरीलाही न्हाऊ घाल, आणि दोघी तशाच ओल्या केसांनी दुकानात या. गल्ल्यावर माझ्या शेजारी बसायचं, गिऱ्हाइकांसमोर. वाळतील तसे वाळू देत.